लाकडाची डिग्री घ्यावी का? आरमोरीकडच्या मुलीला जरा लांबच उत्तर

प्रश्न आरमोरी तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. बीएस्सी सेकंड इयर, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ग्रुप, घरी धानाची शेती. मोठे बाबा सुतारकाम करतात आणि ही लहानपणापासून त्यांच्या भुश्यात खेळलेली, म्हणून लाकडाची ओढ. तिने दोन कोर्स पाहून ठेवलेत, एक देहरादूनची एमएस्सी वूड सायन्स आणि दुसरी युरोपातली 'सस्टेनेबल मटेरियल्स'ची मास्टर्स, जिच्यासाठी एजंटने २२ लाखांचं लोन सांगितलंय. घरचे म्हणतात बीएड कर. आणि शेवटी सगळे विचारतात तेच, "याला स्कोप आहे का सर?"

बेटा, तुला अगं-तुगं करतो, माझ्या पोरीच्या वयाची आहेस. आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुझं तू ठरवशील. मी सिंदेवाहीकडचा, बाप सुतार. २००५ ला देहरादूनहून वूड सायन्स करून निघालो, पाच वर्षं यमुनानगरला प्लायवूडमधे, मग तीन वर्षं गांधीधामला इम्पोर्टेड लाकडात, आणि २०१३ पासून इकडे चंद्रपूर जिल्ह्यात माझं छोटं सीझनिंग किल्न (लाकूड वाळवायची भट्टी) आणि बांबू ट्रीटमेंटचं युनिट आहे. परदेशात मी शिकलेलो नाही, तिकडचं जे सांगेन ते माझ्याकडे ट्रेनिंगला येऊन मग बाहेर गेलेल्या दोन-तीन पोरांकडून कळलेलं.

स्कोपचं मग बघू. तुझ्या प्रश्नात मला वेगळाच घोळ दिसतो. तू दोन कोर्स शेजारी ठेवून तोलतेयस पण ते एका मापाचेच नाहीत. वूड सायन्स म्हणजे एक ठराविक, छोटं, जरा रुक्ष वाटेल असं शास्त्र आहे: लाकडाची रचना, त्यातलं पाणी, त्याची ताकद, त्याला लागणारी कीड-बुरशी, चिकटा म्हणजे ग्लू, आणि यातून वस्तू कशी बनते ते. 'सस्टेनेबल मटेरियल्स' ही छत्री आहे. तिच्याखाली कुठे खरोखर उत्तम मटेरियल सायन्स शिकवतात, तर कुठे वर्षभर नुसते प्रेझेंटेशन आणि रिपोर्ट लिहायला लावतात. नाव तेच, फी तीच. त्यामुळे देहरादून की युरोप हे नंतर, आधी त्या छत्रीखाली नेमकं काय शिकवणार ते बघ.

हे मी एवढं ताणून का सांगतो, तर एक माझीच फजिती सांगतो.

२०१४ ला एका आश्रमशाळेच्या बेंचचं काम मिळालं. सागवान परवडत नव्हतं म्हणून ऐन घेतला, चांगला डेपोतला माल होता. ऐन वाळवायला अतिशय हट्टी लाकूड, हे मला पुस्तकातून पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण जूनमधे शाळा सुरू होणार, ठेकेदार रोज फोन करायचा, आणि बाहेर मे महिन्यातला आपला ४५-४६ डिग्रीचं ऊन. मी किल्नचं तापमान वाढवलं आणि आतली दमट हवा लवकर बाहेर सोडली. बारा दिवसांत ओलावा मोजायचा मीटर लावला तर फळीच्या वरच्या बाजूला १० टक्के. खूश होऊन माल सुताराला देऊन टाकला. दिवाळीनंतर शाळेतून फोन, बेंच पीळ भरलेत, चिरा गेल्यात, एक फळी कापून बघितली तर आत मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं भोकं. सगळे बेंच स्वखर्चाने परत करून दिले, त्या वर्षी पोरीच्या शाळेची फी सासऱ्याने भरली.

झालं काय ते समजून घे, कारण अर्धं वूड सायन्स यातच आहे. लाकडात पाणी दोन जागी असतं. एक पेशींच्या पोकळीत मोकळं साचलेलं आणि दुसरं पेशीच्या भिंतीत मुरलेलं. आधी मोकळं पाणी जातं, तेव्हा लाकूड फक्त हलकं होतं, आकार तसाच राहतो. ओलावा साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की भिंतीतलं पाणी निघायला लागतं आणि तिथून पुढे लाकूड आकसतं. आता घाईने वाळवलं की फळीचं बाहेरचं कातडं आधी त्या रेषेखाली जातं, त्याला आकसायचं असतं, पण आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही. मग कातडं फाटतं, नाहीतर ताणलेल्या अवस्थेतच घट्ट होऊन बसतं. नंतर आतलं लाकूड वाळायला लागलं की आता त्याला आकसायचं असतं आणि बाहेरचं कडक झालेलं कातडं जागचं हलत नाही. म्हणून आतून फाटतं. वरून फळी एकदम देखणी. माझा मीटर वरच्या थराचा ओलावा दाखवत होता, आणि मी तोच पूर्ण फळीचा समजून चाललो.

माझ्या बापाने हे ऐकून काय म्हटलं असेल? "तुले कोनं सांगतलं होतं घाई कराले? ऐन तर आम्ही दोन पानकळे थप्पीले ठेवतो." त्याला फायबर सॅच्युरेशन पॉइंट, म्हणजे ती २५-३० टक्क्यांची रेषा, माहीत नव्हता. पण दोन पावसाळे सावलीत, मधे पट्ट्या देऊन थप्पी लावायची, टोकांना शेण नाहीतर डांबर फासायचं, कारण टोकातून पाणी सगळ्यात जोरात निघतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात, हे त्याला पाठ होतं. मग तू विचारशील की शिकून काय मिळालं? मिळालं हे की दोन पावसाळ्यांचं काम मी आता ऐनावर पाच-सहा आठवड्यांत करतो आणि फळी फुटत नाही, कारण आत किती ताण आहे ते मी नमुन्याची फळी कापून, तिचे दोन दात पाडून, ते आत वळतात का बाहेर, यावरून बघतो. बापाकडे वेळ होता आणि माझ्याकडे हिशोब आहे. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो फजीत होतो, २०१४ ला मी होतो तसा.

म्हणून कोर्स निवडताना माझी पहिली चाळणी अशी. सिलॅबस उघड आणि बघ की त्यात वाळवण आहे का, चिकट्याची केमिस्ट्री आहे का, मायक्रोस्कोपखाली लाकूड ओळखायला लावतात का, मशीनवर नमुने मोडायला लावतात का. सस्टेनेबल वगैरे विषय असेल तर लाइफ सायकल असेसमेंट (वस्तू बनण्यापासून टाकेपर्यंतचा पर्यावरणाचा हिशोब) नुसतं नावाला आहे का आकडे घेऊन करायला लावतात ते बघ. या पाचपैकी तीन नसतील तर ती डिग्री कितीही हिरवी दिसो, मी माझ्या पोरीला पाठवणार नाही.

आता एकेक जागा.

देहरादूनची एफआरआय, म्हणजे फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट, ही १९०६ पासूनची संस्था, १९९१ पासून अभिमत विद्यापीठ. एमएस्सी दोन वर्षांची, एंट्रन्स असते, आणि तुझा ग्रुप तिथे चालतो, पण या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच, सिनियरच्या सांगण्यावर राहू नकोस. तिथल्या टिंबर म्युझियममधे सातशेहून जास्त वर्षं जगलेल्या देवदाराची चकती ठेवलीय, मी पहिल्या दिवशी तिच्यासमोर अर्धा तास उभा होतो, गावाकडचं पोट्टं, असं झाड कधी बघितलंच नव्हतं. वाईट बाजूही सांगतो, तिथलं बरचसं शिकवणं वनखात्याच्या अंगाने जातं आणि कारखाना कसा चालतो ते तुला बाहेर पडल्यावरच कळतं. पण पाया पक्का होतो आणि खर्च तुझ्या त्या २२ लाखांच्या जवळपासही जात नाही.

बंगलोरला मल्लेश्वरममधे इन्स्टिट्यूट ऑफ वूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी आहे. प्लायवूडवाल्यांची जुनी संशोधन संस्था, इपिर्ती म्हणायचे तिला, तीही आता हिच्यातच विलीन झालीय. इपिर्तीचा वर्षभराचा पीजी डिप्लोमा कारखानदार लोक ओळखतात, सध्या प्रवेश चालू आहे का ते थेट फोन करून विचार. लवकर नोकरी पाहिजे असेल तर मी हा रस्ता एमएस्सीच्या वर ठेवीन. प्लायवूड आणि बोर्डला बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मार्क सक्तीचा करणारे आदेश आल्यापासून कारखान्यांना टेस्टिंग समजणारा माणूस लागतोच, आधी नुसता मार्क छापून भागायचं.

अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे, चार वर्षांची बीएस्सी फॉरेस्ट्री, पण तुझी दोन वर्षं होऊन गेलीत, आता पुन्हा पहिल्यापासून नको. लहान भाऊ बारावीला असेल तर त्याला सांग.

युरोप. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाही किंवा नावाला आहे, मात्र फ्रायबुर्ग ज्या राज्यात येतं तिथे बाहेरच्या देशातल्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. आणि फी नसली तरी राहण्याखाण्याचे वर्षाचे पैसे आधीच ब्लॉक अकाउंटमधे दाखवावे लागतात, ती रक्कम मी शेवटची पाहिली तेव्हा ११,९०४ युरो होती. म्हणजे एजंटचे २२ लाख कुठून आले ते त्याला कागदावर लिहून मागायचं. बहुतेक वेळा असं निघतं की त्याने त्याला कमिशन देणाऱ्या खासगी कॉलेजची फी लावलेली असते. तिकडे लाकडाच्या मोठाल्या इमारती होतायत, फळ्या आडव्या-उभ्या थरांनी चिकटवून भिंतीच्या भिंती बनवतात, ते शिकायचं असेल तर जायलाच पाहिजे, ते इकडे बसून होणार नाही. पण एक अट माझी. आधी इथे लाकडात दोन वर्षं हात घाल आणि मग स्कॉलरशिपवर जा. राज्य सरकारच्या समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, तुझं त्यात बसतं का ते बघ. धानाच्या शेतीवर २२ लाखांचं लोन मी तरी घेऊ देणार नाही, बाकी तुझे बाबा ठरवतील.

नोकरीचं खरं सांगतो. आपल्या भागात या डिग्रीची रेडिमेड नोकरी जवळजवळ नाही. कारखाने आहेत यमुनानगरला, कारण तिकडचा शेतकरी बांधावर पॉप्लर लावतो, केरळात पेरुंबावूरला रबराच्या लाकडावर, गांधीधामला बंदरावर उतरणाऱ्या लाकडावर. मला २००५ ला साडेसात हजार मिळायचे आणि ग्लूच्या वासाने डोळे चुरचुरायचे. मुलींना शॉप फ्लोअरवर घ्यायला मालक लोक अजून कचरतात, लॅबला घेतात. बदलतंय, हळूहळू. बीएड केलंस तर गावाजवळ राहशील हे खरं, पण शिक्षकभरतीचा अनुभव काय आहे तो तुझ्या ओळखीतल्या चार डीएड-बीएडवाल्यांना विचार, मी कशाला सांगू.

मग मी हे शिक म्हणतोच कशाला? कारण आपल्याकडे माल आहे आणि त्याच्यावर शास्त्र लावणारी माणसं नाहीत. अयोध्येच्या मंदिराला सागवान बल्लारपूरहून गेलं, पेपरात फोटो आले, सगळ्यांना अभिमान. पण लाकूड गेलं ते ओंडका आणि फळी म्हणून, पुढची कारागिरी आणि पुढचा पैसा बाहेर. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ ला सामूहिक वनहक्क मिळाले, २०११ ला बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आले, त्यानंतर गडचिरोलीतल्या किती ग्रामसभांनी बांबू विकला. २०१७ ला कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला, शेतात लावलेला तोडायला आता ती कटकट नाही. एवढं झालं तरी आपला बांबू बहुतेक कागदासाठी नाहीतर मांडवासाठीच जातो. त्याचं काही टिकाऊ करायचं म्हटलं की पहिला प्रश्न भुंग्याचा येतो, आणि तो सोडवायला माणूस शोधावा लागतो.

भुंग्याचं उदाहरण घे, तुझ्या केमिस्ट्रीतलंच आहे. आपल्याकडे म्हणतात बांबू अंधाऱ्या पक्षात तोडावा, मग भुंगा लागत नाही. मी चंद्राच्या भानगडीत पडत नाही, पण महिन्याबद्दल आपले बुरड लोक बरोबर आहेत. भुंगा बांबूत येतो तो त्यातल्या स्टार्चसाठी. पावसाळ्यात नवे कोंब फुटतात तेव्हा जुन्या बांबूतला साठा खर्च होतो, त्यामुळे पावसाळा संपल्यावर तोडलेल्यात स्टार्च कमी आणि उन्हाळ्यात तोडलेल्यात भरपूर. तोडून नाल्यात महिनाभर बुडवून ठेवतात तेही बरोबर, स्टार्च पाण्यात निघून जातो. मी त्यापुढे फक्त बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं ५-६ टक्क्यांचं पाणी वापरतो, पेरं आतून फोडून. त्यातही मर्यादा आहे, बोरॉन पाण्याने धुऊन निघतं, म्हणून तो बांबू उघड्यावर पावसात वापरायचा नाही. हे गिऱ्हाइकाला दहा वेळा सांगावं लागतं आणि तरी एखादा अंगणातल्या गेटला वापरतोच.

दुसरं उदाहरण पऱ्हाटीचं. वऱ्हाड-यवतमाळकडे कापूस निघाला की शेतात पऱ्हाटी उरते, काही चुलीत जाते, बरीच शेतातच पेटवतात. कापसावरचं संशोधन करणारी मुंबईची सरकारी संस्था आहे, सिरकॉट, तिचं केंद्र नागपूरलाही आहे, त्यांनी पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवून कितीतरी वर्षं झाली. बोर्ड चांगला होतो. अडतं ते गोळा करण्यात, पऱ्हाटी फुगीर असते, ट्रॅक्टर भरला तरी वजन येत नाही, डिझेलचा खर्च मालाच्या वर जातो. इथे तुझं ते सस्टेनेबल मटेरियल खऱ्या अर्थाने सुरू होतं. कोरड्या लाकडात वजनाच्या साधारण निम्मा कार्बन असतो, म्हणजे एक किलो कोरड्या लाकडात हवेतला अंदाजे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड अडकलेला. पेटवलं की तो परत हवेत. बोर्ड बनवला तर तो बोर्ड टिकेल तोवर अडकून राहतो, पण त्यातून ग्लू, वीज आणि वाहतुकीचं डिझेल वजा करायचं, आणि बोर्ड चार वर्षांत फुगून उकिरड्यावर गेला तर सगळा हिशोब बदलतो. लाकूड म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक असं काही नसतं, टिकवलं तर असतं. आणि टिकवायचं तर परत तेच, पाणी आणि कीड.

जरा आडवं जातो, तुझं मॅथ्स आहे म्हणून. मोठ्या बाबांना विचार की ओंडक्याचं घनफूट कसं काढतात. गोलाईचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार फूट गोलाईचा दहा फुटी ओंडका म्हणजे दहा घनफूट. आता तू वर्तुळाच्या सूत्राने काढ, पावणेतेराच्या आसपास येईल. हे पावणेतीन घनफूट गेलं कुठे, आणि ही पद्धत आरा मशीनवाल्याच्या सोयीची का खरेदीदाराच्या, यावर मी देहरादूनला असताना हॉस्टेलच्या मेसमधे भांडणं पाहिलीत.

कशावर काय अवलंबून आहे तेही सांगतो, नाहीतर म्हणशील सरांनी एकच रस्ता दाखवला. घरी लगेच पगार पाहिजे असेल तर बंगलोरचा डिप्लोमा आणि दोन-चार वर्षं बाहेरगावी राहायची तयारी. संशोधनाची आवड असेल तर देहरादून, पुढे नेट, पीएचडी, आणि वयाची तिशी तिथेच निघून जाईल हे धरून चाल. इकडेच काही सुरू करायचं असेल तर डिग्रीच्या आधी चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र बघून ये, मेळघाटात लवादाला बांबूचं काम कसं उभं राहिलं ते बघ, तिथे तुला कळेल की अडचण शास्त्राची कमी आणि विक्रीची जास्त असते. आणि लाकडात खरंच मन आहे का नुसत्या भुश्याच्या आठवणी आहेत, हे मला इथून सांगता येणार नाही. त्याला एक उपाय आहे, तो फुकट आहे.

मोठ्या बाबांकडून तीन तुकडे माग, सागवान, ऐन आणि मानवेल बांबू, ताजे तोडलेले, वीतभर लांब. किराण्याच्या डिजिटल काट्यावर दर रविवारी वजन कर आणि वहीत लिही, रुंदी पट्टीने मोज. वजन उतरायचं थांबलं की घरातल्या हवेला ते वाळले. मग एक छोटा तुकडा कापून कॉलेजच्या लॅबमधे ओव्हनला १०३ डिग्रीवर पूर्ण वाळव आणि ओलावा काढ. भागाकार कोरड्या वजनाने करायचा हे विसरू नकोस, १८० ग्रॅमचा तुकडा वाळून १०० झाला तर ओलावा ८० टक्के, ४४ नाही. पहिल्या वर्षाला सगळेच इथे चुकतात. मग उरलेले तुकडे पुढच्या श्रावणात पुन्हा मोज. सागवानाची वीतभर रुंद फळी, वर्षाच्या कड्या आडव्या येतील अशी चिरलेली असेल, तर मे ते ऑगस्टमधे तीन-चार मिलिमीटर फुगलेली दिसेल, आणि त्याच झाडाची उभी चिरलेली फळी त्याच्या जेमतेम निम्मी. तुमच्या घराचं दार पावसाळ्यात अडकतं ना, ते याच्यामुळे.

वही चार-पाच रविवारांनंतर बंद पडली तर बीएड कर, मी रागावणार नाही. चालू राहिली तर आकड्यांचे फोटो मला पाठव. ऐनाच्या तुकड्याला टोकाला चीर कितव्या आठवड्यात गेली ते मात्र नक्की लिही, मला त्या बेंचपासून त्या एका गोष्टीची फार उत्सुकता असते.